क्लेरिकला आकडे दिलेत, आता देव पण द्या: डी अँड डीचे नियम लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम लिहिणारी सगळी मंडळी,
विझार्ड्स ऑफ द कोस्ट, रेंटन, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, हे पत्र मराठीत आहे आणि मराठीतच राहणार. तुमच्यापर्यंत पोचलं तर कोणाकडून तरी वाचून घ्या. आमच्या टेबलवर नियम इंग्रजीत वाचले जातात पण भांडणं मराठीत होतात, आणि हे पत्र भांडण याच प्रकारात मोडतं त्यामुळे इलाज नाही.

मी गेली आठ वर्षं पुण्यात दर रविवारी डी अँड डी खेळते (नवख्यांसाठी: टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, डाइस टाकत पुढे न्यायची गोष्ट), म्हणजे ठरतं दर रविवारी आणि होतं महिन्यातनं दोनदा कारण बाकीच्या रविवारी कोणाचं तरी लग्न, मुंज नाहीतर शिफ्टिंग असतं. त्यातली सहा वर्षं मी क्लेरिक, म्हणजे देवाच्या ताकदीने जादू करणारा आणि जखमा भरणारा धर्मगुरू, खेळलेय. हौसेने वगैरे नाही हं. गल्ली क्रिकेटमध्ये उशिरा आलेल्या पोराला जशी विकेटकीपिंग मिळते तसा ग्रुपमध्ये उशिरा आलेल्या माणसाला क्लेरिक मिळतो. "आपल्याकडे हीलर नाहीये, तू घे ना क्लेरिक," असं म्हणताना त्या "घे ना"मध्ये जो गोडवा असतो तो पुढे कॅम्पेनभर (एक लांबलचक गोष्ट संपेपर्यंत) परत ऐकू येत नाही, पुढे फक्त "अगं हील कर की" एवढंच.

तर २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तुमचं नवं प्लेयर्स हँडबुक आलं, आम्ही त्यावर आता बऱ्यापैकी खेळलोय, आणि मला दोन गोष्टी बोलायच्यात. एक थँक्यू आहे आणि एक तक्रार. थँक्यू आधी, कारण तो मनापासून आहे.

जुन्या नियमांत हील करणं म्हणजे काय होतं ते एकदा बघा. २०१९ च्या पावसाळ्यातली एक मारामारी मला अजून आठवते. एक पूल, पुलावर ओगर नावाचा राक्षस, आणि आमची रोग (म्हणजे चोरटं पात्र) खेळणारी मैत्रीण शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे जीव संपून बेशुद्ध, दोन डेथ सेव्ह फेल झालेले, तिसरा गेला की मेली. आम्ही डाइस स्टीलच्या ताटात टाकतो, ताटात जुना पंचा अंथरलेला असतो, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. मी हीलिंग वर्ड हा लांबून बरं करायचा स्पेल टाकला. तो डी४ (चार बाजूंचा डाइस), तोच काटेरी, जो अनवाणी पायाखाली आला की माणूस सगळे देव आठवतो, पंच्यावर पडून जागच्या जागी बसला आणि आला एक. एक अधिक माझ्या विज्डमच्या बोनसचे तीन, झाले चार हिट पॉइंट. ती उठली, निम्मी चाल उठण्यातच गेली, एक वार केला तो चुकला, ओगरने सोटा फिरवला, तेरा. परत आडवी. पुढच्या राउंडला परत हीलिंग वर्ड, परत उठली, परत आडवी. तिसऱ्यांदा डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणाला, "अगं झोपू दे गं तिला जरा."

हिशोब साधा आहे. जुन्या क्युअर वूंड्स या स्पेलमध्ये १डी८ (आठ बाजूंचा एक डाइस) अधिक तीन, सरासरी साडेसात. ओगरचा सोटा २डी८ अधिक चार, सरासरी तेरा. म्हणजे मी माझी अख्खी अ‍ॅक्शन घालवून, जवळ जाऊन, हात लावून साडेसात भरायचे आणि त्याने एका फटक्यात तेरा काढायचे, वर नळाला करंगळीएवढी धार आणि खाली टाकीला भोक. त्यात हिट पॉइंट शून्याच्या खाली जात नाहीत, म्हणजे माझ्या मैत्रिणीकडे चार असताना तिला तेरा लागले तर नऊ हवेत विरले. मग शहाणा क्लेरिक काय करायचा, तर कोणी पडेपर्यंत हीलच करायचा नाही. रक्तबंबाळ फायटर दीनवाणा बघतोय आणि पार्टीतली देवाची माणूस म्हणतेय, "तू आधी पड, मग बघू." हे आम्ही वर्षानुवर्षं केलं आणि त्याला टॅक्टिक्स म्हटलं.

नव्या नियमांत क्युअर वूंड्स २डी८ झालं, हीलिंग वर्ड २डी४. वाचताना एवढंसंच वाटतं पण टेबलवर जमीनअस्मानाचा फरक आहे. त्याच तीनच्या बोनसवर क्युअर वूंड्सची सरासरी आता बारा, म्हणजे ओगरचा एक फटका जवळजवळ पूर्ण भरून निघतो. वरच्या स्लॉटला (स्लॉट म्हणजे स्पेल टाकायचा ठरावीक कोटा) तर मजाच, तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट आणि बोनस चार धरला तर पूर्वी साडेसतरा यायचे, आता एकतीस येतात. पहिल्यांदा सहा डी८ एकदम ताटात टाकले तेव्हा माझ्याकडे तेवढे डाइसच नव्हते, शेजारच्याचे दोन उसने घेतले. शिवाय दुसऱ्या लेव्हलपासून चॅनल डिव्हिनिटीत (देवाची ताकद थेट वापरायची सोय) डिव्हाइन स्पार्क आहे, तीस फुटांवरून एकतर बरं कर नाहीतर भाज, आणि तो स्पेल नसल्यामुळे टर्नला एकच स्लॉट या नव्या नियमात अडकत नाही. एकाला हीलिंग वर्ड, दुसऱ्याला स्पार्क, एकाच टर्नमध्ये. ज्याला वाटतं यात काय विशेष त्याने दोन जण आडवे आणि हीलर एकटी अशी रात्र काढलेली नाही. आणि पोशन बोनस अ‍ॅक्शनमध्ये (म्हणजे मुख्य काम न घालवता) पिता येतं हे तर तुम्ही क्लेरिकसाठीच केलंय असं मी समजते, कारण आता मला तोंड वर करून सांगता येतं की बाबा रे, तुझ्या बॅगेत तीन बाटल्या आहेत, पी.

हे झालं थँक्यू.

त्यातही एक राहिलं. पडून उठण्याला किंमत अजूनही नाहीये. आकडे वाढले पण शून्यावर जाऊन आलेला माणूस पुढच्या टर्नला तितकाच टवटवीत, जणू दुपारची झोप काढून आलाय. आम्ही घरचा नियम केलाय, शून्यावरून उठलास की एक लेव्हल एक्झॉशन, म्हणजे थकवा. तुमचं नवं एक्झॉशन यासाठी मस्त आहे, दर लेव्हलला प्रत्येक डी२० वर (जमलं की नाही ते ठरवणारा वीस बाजूंचा डाइस) दोन वजा आणि चाल पाच फुटांनी कमी, सहाव्याला राम म्हणा, कोणालाही तक्ता बघावा लागत नाही. हे सुरू केल्यावर महिनाभरात आमचा बार्बेरियन चौदा हिट पॉइंटवर असताना स्वतःहून म्हणाला, "अगं माझ्याकडे पण बघ जरा." सहा वर्षांत पहिल्यांदा मला कोणी पडायच्या आधी हाक मारली.

आता तक्रार.

मंडळी, तुम्ही हीलर दुरुस्त केलात आणि ते करता करता क्लेरिक कुठेतरी ठेवून विसरलात. क्लेरिक म्हणजे हीलर हे समीकरण मुळात आमच्यासारख्या आळशी पार्ट्यांनी पाडलंय. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसनने पहिला खोका काढला तेव्हा क्लास (पात्रांचे प्रकार) तीनच होते, फायटिंग मॅन, मॅजिक यूझर आणि क्लेरिक. आणि क्लेरिक आला कुठून तर आर्नेसनच्या ब्लॅकमूर खेळातून, तिथे सर फँग नावाचा एक व्हॅम्पायर फार माजला होता आणि त्याला आवरायला कोणीतरी हवं होतं असं सांगतात. म्हणजे आमची जात जखमेवर हळद लावायला जन्मलीच नव्हती, भूत उतरवायला जन्मली होती. त्या पहिल्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही स्पेल नव्हता! हील करायचा प्रश्नच नाही. देवाचं चिन्ह धरून उभं राहायचं, दोन डी६ टाकायचे, आणि सांगाडा पळतो का बघायचं. धारेचं हत्यार चालायचं नाही, सोटा-गदा चालायची (सोट्याने रक्त येत नाही असं ज्याला वाटलं त्याने आयुष्यात सोटा खाल्लेला नसावा, असो).

पुढे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर देव बदलला की स्पेलची यादीच बदलायची, कोणाला हीलिंग भरपूर, कोणाला फारसं नाहीच, त्यांची कामं वेगळी. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत डोमेन (देवांची खाती) आली, आणि डोमेनचा सोडून तयार केलेला कुठलाही स्पेल ऐनवेळी क्युअरमध्ये बदलायची सोय आली, म्हणजे हीलरने सगळी यादी मलमपट्टीने भरायची सक्ती गेली. २००८ मध्ये हीलिंग वर्ड आलं, मायनर अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे हील करून वर गदा पण मारता येईल. प्रत्येक वेळी ओझं हलकं होत गेलं, चांगलं आहे. मी फक्त एवढंच विचारतेय की ओझ्याबरोबर गाठोड्यातला देव कोणी उतरवला?

२०१४ च्या पुस्तकात पहिल्या लेव्हलला डोमेन निवडायचं, म्हणजे तुझा देव कोण हे पहिल्याच दिवशी ठरायचं. आता ते तिसऱ्या लेव्हलला गेलंय. पहिल्या लेव्हलला काय निवडायचं, तर डिव्हाइन ऑर्डर. प्रोटेक्टर घेतलास तर जाड चिलखत आणि मोठी हत्यारं, थॉमॅटर्ज घेतलास तर एक जादा कँट्रिप (स्लॉट न लागणारा छोटा स्पेल) आणि पोथीतलं जास्त ज्ञान. म्हणजे मंदिरात नोकरीला लागताना युनिफॉर्म विचारला, मंदिर कोणाचं ते मागाहून कळवतो.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे एक नवीन मुलगी आली, कॉलेजमधली, पहिलाच गेम. अर्थातच क्लेरिक मिळाला. डीएमने कौतुकाने विचारलं, "कोणत्या देवाची भक्त तू?" तिने पुस्तकात बोट फिरवलं, पान उलटलं, परत मागे आली आणि म्हणाली, "दादा, ते बहुतेक तिसऱ्या लेव्हलला आहे." सगळे हसले पण तिचं काही चुकलं नव्हतं, पुस्तकात तसंच आहे. दोन सेशन ती सेक्रेड फ्लेमने गॉब्लिन भाजत होती, आभाळातून पवित्र आग उतरत होती, आणि ती आग कोणाची हे त्या गॉब्लिनला, तिला, आम्हाला, कोणालाच माहीत नव्हतं.

अहो आमच्याकडे पोराचं नाव बारशाला ठरतं, पण कुलदैवत त्याच्या जन्माच्या कित्येक पिढ्या आधी ठरलेलं असतं. लग्न झालं की जोडप्याने जेजुरीला जायचं की तुळजापूरला की अजून कुठे हे कोणी विचारत बसत नाही, ते घराला माहीत असतं. माणूस स्वतः नास्तिक असला तरी त्याला आपलं कुलदैवत सांगता येतं! आणि तुमचा व्यावसायिक धर्मगुरू, चिलखत घालून, हातात देवाचं चिन्ह घेऊन, "अजून फायनल नाही" म्हणतो.

मला माहितीये तुमची बाजू काय असणार. सगळ्या क्लासचे सबक्लास (उपप्रकार, क्लेरिकची डोमेन त्यातलीच) तिसऱ्याला आणले म्हणजे शिकायला सोपं, आणि एका लेव्हलपुरता क्लेरिक चाटून जाणाऱ्या विझार्ड लोकांना आळा. पहिलं पटतं, जरी त्याच न्यायाने आता सॉर्सररला आपल्या रक्तात ड्रॅगन आहे हे तिसऱ्या लेव्हलला कळतं, जशी काय ब्लड टेस्ट उशिरा आली. दुसरं मात्र अजिबात पटत नाही, कारण चाटून जाणारा चाटायचा कशासाठी? जाड चिलखतासाठी. आणि ते तुम्ही प्रोटेक्टरच्या नावाने पहिल्याच लेव्हलच्या काउंटरवर मांडून ठेवलंत. विज्डम तेरा असलेला कुठलाही विझार्ड एक लेव्हल येतो, चिलखत चढवतो, नमस्कारही न करता जातो. म्हणजे चोराला दार उघडं आणि भक्ताला सांगितलं दोन लेव्हल बाहेर थांब.

कोणी म्हणेल देव ही रोलप्लेची गोष्ट आहे, पहिल्या लेव्हलला तोंडी ठरवा की, नियम कशाला हवा. ठरवतो हो. पण कॅरेक्टर शीटवर जे नसतं ते तिसऱ्या सेशनला कोणाच्या लक्षात राहत नाही हे तुम्हालाही माहितीये. आमच्या फायटरच्या हरवलेल्या भावाचं नाव आजतागायत चार वेळा बदललंय कारण ते शीटवर नाही, तलवारीचा प्लस वन मात्र तो झोपेत सांगेल. माझं मागणं फार नाही. चिलखत तिथेच राहू दे, डोमेनचा मोठा ऐवज तिसऱ्यालाच द्या, पण पहिल्या लेव्हलला देवाचं नाव लिहायला एक चौकट आणि त्या देवाकडून एक छोटी वस्तू. जुन्या लाइट डोमेनवाल्याला पहिल्या दिवशी लाइट कँट्रिप मिळायची, बस, तेवढं. प्रकाशाच्या देवाच्या भक्ताला दिवा लावता येतो. एवढ्याने खेळ मोडत नाही पण माणूस कोणाचा आहे ते कळतं.

शेजारच्या घरात बघा, पाथफाइंडर या दुसऱ्या खेळवाल्यांनी २०२३ मध्ये आपले नियम नव्याने छापले, त्यांचा क्लेरिक पहिल्या लेव्हलला देव निवडतो आणि देवावरून ठरतं की तुझं आवडतं हत्यार कुठलं, तुला जादा स्पेल कुठले, आणि तुझ्या झऱ्यातून हील वाहणार की हार्म. वर त्या हीलचे चार स्लॉट वेगळे बांधून दिलेत, म्हणजे बाकीचे स्लॉट देवाच्या कामाला मोकळे. आणि तो हील एक अ‍ॅक्शन घातली तर हात लावून, दोन घातल्या तर तीस फुटांवरून आणि आठ जास्त, तीन घातल्या तर आजूबाजूच्या सगळ्यांना. त्यांचं गणित माझ्या डोक्याला जड जातं म्हणून मी तिकडे राहायला जात नाही, पण देवाचं त्यांनी नीट केलंय हे कबूल करावं लागेल.

स्पिरिच्युअल वेपन या स्पेलला कॉन्सन्ट्रेशन लावलंत (म्हणजे तो चालू असताना तसा दुसरा स्पेल धरता येत नाही) त्याबद्दल मी फार बोलणार नाही. पूर्वी तरंगती गदा सोडायची, वर स्पिरिट गार्डियन्स लावायचे आणि दळणाच्या गिरणीसारखं शत्रूत फिरायचं. ते जरा जास्तच होतं, मलाही माहितीये. वॉर डोमेनला सहाव्या लेव्हलला कॉन्सन्ट्रेशनशिवाय मिळतं हे पण बरं केलंत, त्या देवाला शोभतं. झोंबलं, पण न्याय्य आहे. सातातली चारच डोमेन पुस्तकात ठेवलीत, लाइफ, लाइट, ट्रिकरी, वॉर, आणि टेम्पेस्ट, म्हणजे वादळाचं, वगळलंत हे मात्र ज्याने जुलैतला कोकणचा पाऊस बघितलाय त्याला पटणं कठीण आहे. आम्ही जुनंच वापरतो.

आता जे मला खरं खुपतंय ते. डिव्हाइन इंटरव्हेन्शन, म्हणजे क्लेरिकने थेट देवाला मदतीला बोलावणं.

माझं आजोळ सिंधुदुर्गातलं. तिथे देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, प्रश्न देवापुढे ठेवतो, आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नाही, आणि कधीकधी काहीच पडत नाही, पंख्याचा आवाज, घामाच्या धारा, आजी पदराने वारा घेतेय, आणि पाकळी तिथेच. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन, मला प्रश्न काय होता ते आठवत नाही, जमिनीचं काहीतरी असावं, पण ती वाट बघणं अंगावर राहिलंय.

२०१४ चं डिव्हाइन इंटरव्हेन्शन हा डिट्टो कौल होता. दहाव्या लेव्हलला मिळायचं, देवाला हाक मारायची, डी१०० टाकायचा, तुझ्या लेव्हलइतकं किंवा कमी आलं तर देव धावून येणार. दहाव्या लेव्हलला दहा टक्के. नाही आलं तर उद्या विश्रांती घेऊन परत विचार, आलं तर सात दिवस परत विचारायचं नाही. आणि देव येऊन काय करेल ते डीएम ठरवणार.

आमच्या पहिल्या कॅम्पेनमध्ये मी किती वेळा कौल लावला ते मोजणं सोडून दिलं होतं. बासष्ट, अठ्ठ्याऐंशी, एकोणतीस, सत्त्याहत्तर. टेबलवर ती एक परंपराच झाली, मी डाइस हातात घेतले की कोणीतरी गाऱ्हाणं घालायचं, "बा देवा म्हाराजा, ह्यो ड्रॅगन आमच्या वाटेतसून बाजूक कर रे म्हाराजा!" आणि बाकीचे सगळे, त्यात दोन नागपूरचे आणि एक तमिळ, एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मग डाइस, मग सत्त्याहत्तर, मग हशा, मग मार.

अकराव्या लेव्हलला एका संध्याकाळी आम्ही खरंच संपलो होतो. नदीकाठ, चार जण आडवे, मी उभी, सहा हिट पॉइंट, स्लॉट शून्य. गाऱ्हाणं झालं, पण व्हय म्हाराजा जरा हळूच आलं. मी दोन डी१० टाकले (दोन मिळून डी१००). दशकाचा आधी थांबला, शून्य शून्य. एककाचा ताटाच्या काठाला लागून गरगरत राहिला, गरगरत राहिला, आणि सात. कोणी काही बोललंच नाही. मग तमिळ पोरगा खुर्चीवर उभा राहून ओरडला आणि खालच्या काकू वर आल्या. डीएमला वीस मिनिटं ब्रेक घ्यावा लागला कारण त्याच्याकडे काही तयार नव्हतं. चहा झाला आणि तो परत येऊन म्हणाला, तुझी नदीची देवी आहे ना, तर नदी उलटी वाहायला लागते. त्या नदीचं पुढे काय झालं यावर आम्ही आठ महिने खेळलो.

नव्या पुस्तकात काय आहे? पाचव्या लेव्हलपर्यंतचा कुठलाही क्लेरिक स्पेल, स्लॉट नको, साहित्य नको, एका अ‍ॅक्शनमध्ये, दर लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) एकदा, गॅरंटीड. फक्त रिअ‍ॅक्शनवाला स्पेल नको एवढीच अट. म्हणजे हॅलो हा जागा पवित्र करायचा स्पेल, ज्याला एरवी चोवीस तास विधी आणि हजार सोन्याच्या नाण्यांचा धूप लागतो, तो सहा सेकंदांत. रेझ डेडला, म्हणजे मेलेल्याला उठवायला, पाचशेचा हिरा लागतो, तो फुकट. प्रेयर ऑफ हीलिंगला दहा मिनिटं लागतात, आमच्या हुशार मंडळींनी ते मारामारीच्या मध्ये टाकून अख्ख्या पार्टीला शॉर्ट रेस्टचा (तासाभराच्या विश्रांतीचा) फायदा दिला, ड्रॅगन समोर उभा असताना. नियमात बसतं, मी स्वतः केलंय, लाज वाटली पण केलं.

ताकद म्हणून बघितलं तर हे जुन्यापेक्षा कितीतरी भारी आहे, मान्य. नव्वद टक्के वेळा काहीच होत नाही असं फीचर छापणं हे पण बरं नव्हतं, आणि प्रत्येक डीएमला वीस मिनिटांत उलटी नदी सुचत नाही हे पण खरं. पण पूर्वी देव पावायचा, आता देव डिलिव्हरी करतो. रोज एक पार्सल, मेन्यू ठरलेला, वेळेत. आणि जे रोज मिळतं त्याला कोणी गाऱ्हाणं घालत नाही हो. परवा आमच्या क्लेरिकने इंटरव्हेन्शन वापरलं तेव्हा बार्बेरियन मोबाइल बघत होता. विसाव्या लेव्हलला विश (मागाल ते देणारा स्पेल) मिळतो आणि मग २डी४ लाँग रेस्ट थांबायचं, तिथे जरा तरी डाइस आहे, पण विसाव्या लेव्हलपर्यंत कोण जिवंत राहतंय, पात्र राहिलं तरी ग्रुप राहत नाही, कोणीतरी बंगलोरला जातंच.

माझी सूचना, घ्या किंवा सोडा. दोन्ही ठेवा. रोजचं पार्सल आठवड्याला एक करा. आणि त्याच्या जोडीला, ज्याला हवं त्याला, कौल. डी१००, लेव्हलइतकं किंवा कमी, आणि आलं तर काय होईल ते डीएम आणि तो देव बघून घेतील. तो देव कोण हे पहिल्या लेव्हलपासून शीटवर लिहिलेलं असेल तर डीएमला सुचायलाही सोपं जाईल, आमच्या डीएमला नदी का सुचली? कारण देवी नदीची होती. ज्याचा देवच ठरलेला नाही त्याच्यासाठी कोणी काय उलटं वाहवायचं?

आणि हो, जाता जाता. तुम्ही २०२५ मध्ये नव्या नियमांचा एसआरडी, म्हणजे मूळ नियमांचा संदर्भग्रंथ, क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुला केलात, त्यामुळे श्रेय देऊन आम्हाला तो मराठीत आणता येतो, याबद्दल वेगळा थँक्यू. आम्ही तिघांनी क्लेरिकपासून सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला अडकलो. पुजारी म्हटलं तर तो सोवळ्यात दिसतो, गदा घेऊन ट्रोलवर धावताना दिसत नाही. गुरव म्हटलं तर कोकणातला खूश, बाकीचे प्रश्नचिन्ह. भगत जवळ येतो पण तो वॉरलॉककडे झुकतो. शेवटी क्लेरिकला क्लेरिकच ठेवलंय. पण टर्न अनडेडला भूत उतरवणं, आणि चॅनल डिव्हिनिटीला अंगात येणं, हे दोन इतके चपखल बसलेत की आता इंग्रजी वाचताना मला तेच ऐकू येतं. "माझ्या दोनदा अंगात येऊन गेलंय, शॉर्ट रेस्ट घेतली की अजून एकदा येईल." बघा कसं वाटतं. पण अंगात येणं म्हटलं की पुढचा प्रश्न कोणीही मराठी माणूस विचारणारच, कोणता देव? आणि मग आमचं भाषांतर पान उलटून तिसऱ्या लेव्हलला जातं.

येत्या रविवारी (कोणाचं लग्न नसेल तर) ती नवीन मुलगी दहाव्या लेव्हलला पोचतेय, आम्ही तिला पाचव्या लेव्हलपासून भराभर वर चढवलंय कारण तिच्या परीक्षा आहेत. तिने मध्ये तिच्या शीटवर वरच्या कोपऱ्यात पेनने एक चौकट काढली आणि त्यात देवाचं नाव लिहिलं, सांगत नाही कोणतं, तिचा मामला आहे. डीएम म्हणतो पुस्तकातलं घे नाहीतर कौल घे, तू ठरव. तिने मला मेसेज करून विचारलं, "ताई, कौलात खरंच दहाच टक्के असतात का?" मी हो म्हटलं. तिचा रिप्लाय आला, "मग गाऱ्हाणं कोण घालणार?"

ताट घासून ठेवलंय. काकूंना आधीच सांगितलंय.

तुमची,
पार्टीतला उरलेला क्लास, पुणे